नेव्हिगेशनला स्पीडचा पल्स मधेच येतो मधेच जातो, सेन्सर बदलू का?

कृष्णाकाठ (विश्रामबाग, सांगली) · शनिवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. गाडी सेकंडहँड घेतलेली, २०१० ची पेट्रोल सेदान. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, मागच्या धाग्यात टाकलं तर निम्मे प्रतिसाद मायलेजच्या भांडणातच गेले. गाडीत दिवाळीत नेव्हिगेशनवालं हेड युनिट (डॅशबोर्डमधला स्क्रीनवाला स्टिरिओ) बसवून घेतलं. आत जायरो (गाडी वळली ते ओळखणारा सेन्सर) आहे, आणि एक गुलाबी वायर आहे तिला गाडीच्या स्पीडचा सिग्नल (चाक फिरेल तसे येणारे ठोके, म्हणजे पल्स) द्यायचा, म्हणजे जीपीएस गेलं तरी चाकं किती फिरली त्यावरून बाण पुढं सरकत राहतो. बसवणाऱ्यानं ती वायर मीटरच्या मागं स्पीड सेन्सरच्या वायरला जोडून दिली.

पहिले दोन-तीन महिने झकास. आता असं होतंय की खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो की बाण तोंडाशीच थांबतो, आपण खंडाळ्याच्या (सातारा जिल्ह्यातल्या) बाजूला बाहेर पडलो तरी तो आपला अलीकडेच उभा. चार वेळा गेलो, जानेवारीत एकदा आणि मार्चमध्ये भल्या पहाटे एकदा नीट चालला, नंतर दोनदा नाही. युनिटमध्ये सेन्सरचं एक पान आहे, तिथं पल्सचा आकडा वाढत जाताना दिसतो. तो आकडा मधेच ठप्प होतो, गाडी ६० ने चाललीये आणि आकडा हलत नाही, मग दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू. उघड्या रस्त्यावर जीपीएस सांभाळून घेतं त्यामुळं एरवी कळतही नाही.

मीटरचा काटा मात्र कधी थरथरला पण नाही. आणि सकाळी गार गाडीत हे कधीच होत नाही, तापल्यावरच होतं. शंभर फुटी रोडला एकाला दाखवलं तर म्हणाला सेन्सर तापतोय, बदला. बदलू का? (स्पीकरला बारीक शीळ पण यायला लागलीये, पण ते वेगळं, ते नंतर बघू.)

पोवईनाका (सातारा) · शनिवार, रात्री १०:०५

फोनला मॅप फुकट असताना हा उपद्व्याप कशाला राव? तेवढ्या पैशात चार टायर आले असते.

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री १०:१२

तुमच्याच पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये (जमिनीखालच्या रस्त्यात) फोन घेऊन शिरा आणि खाली कुठं वळायचं ते विचारा त्याला, वर आल्यावर सांगतो तो. हौस आहे हो, आणि वरनं पैसे गेलेत, आता चाललंच पाहिजे.

पोवईनाका · शनिवार, रात्री १०:१५

ते मात्र खरं. आमची मंडळी पण पहिले सहा महिने चुकीच्याच तोंडानं बाहेर पडत होती, मॅप नसताना.

बाराचापाना (कराड) · रविवार, सकाळी ७:२०

सेन्सरला हात लावू नकोस बाळा. काटा नीट चालतोय हेच उत्तर आहे. गिअरबॉक्सवरच्या त्या सेन्सरमधनं तीन वायरी निघतात, एक प्लस, एक अर्थ (गाडीच्या बॉडीला, म्हंजे बॅटरीच्या मायनसला जाणारी), एक सिग्नल. तीच सिग्नलची वायर मीटरला जाते आणि तिलाच तुझी गुलाबी वायर लावलीये. सेन्सर तापून मेला असता तर काटा पण पडला असता. काटा उभा आहे म्हंजे सेन्सरपासनं मीटरपर्यंत सगळं चोख, भानगड तुझ्या जोडापासनं युनिटपर्यंत. लोकं आधी सेन्सर बदलतात, मग मीटर उघडतात, आणि शेवटी जोड बघतात. उलटं कर.

जोड कसा केलाय ते बघ. माझी पैज आहे निळी क्लिप दाबलेली असणार. ती निळी जाड वायरसाठी असते, सेन्सरची वायर असते बारीक, तिला लाल लागते. निळीचं पातं बारीक वायरच्या सालीला नुसतं खरचटतं, आत तांब्याला टेकलं तर टेकलं, खड्ड्यात गाडी आदळली की सुटलं.

जवारी (मिरज) · रविवार, सकाळी ९:०२

काका बरोबर बोलतायत, थोडी भर घालतो. मिरजेत सतार जुळवणारे पुष्कळ आहेत, सिग्नल जुळवणारा मी एकटाच असेन.

हा हॉल सेन्सर (चुंबकावर चालणारा) स्वतः व्होल्टेज बाहेर देत नाही. तो नुसता सिग्नलची वायर अर्थला खेचतो आणि सोडतो, खेचतो आणि सोडतो. सोडल्यावर वायर वर जाते ती मीटरच्या आतल्या रेझिस्टन्समुळं, कुठल्या गाडीत ५ व्होल्टला, कुठल्या गाडीत १२ ला. म्हणजे त्या वायरीत दम फारसा नसतो, तिच्यावर काहीही लोड टाकलं की वरचं व्होल्टेज बसतं. म्हणून कृपा करून १२ व्होल्टच्या बल्बचा टेस्टर तिथं लावू नका, मीटरचा काटा तर पडेलच, वर सेन्सरचा आतला ट्रान्झिस्टर पण जायचा. मल्टिमीटर घ्या.

आकडा लक्षात ठेवायचा तर जपानी गाड्यांची जुनी पद्धत आहे, ६० च्या स्पीडला सेन्सरचा दांडा मिनिटाला ६३७ फेरे, फेऱ्याला ४ पल्स, म्हणजे किलोमीटरला २५४८. ६० ला सेकंदाला साधारण ४२ पल्स होतात. युनिटला हे सांगावं लागत नाही, ते जीपीएसशी ताडून स्वतः शिकतं. पण अर्धे पल्स खात बसलं तर चुकीचं शिकतं, हे पुढं उपयोगी येईल.

पुढचं एक चाक जॅकवर घ्या, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, चावी ऑनवर. चाक हातानं हळूहळू फिरवा आणि युनिटच्या गुलाबी वायरवर व्होल्ट बघा. वर-खाली, वर-खाली झालं पाहिजे. जोरात फिरवलं तर मल्टिमीटर सरासरी दाखवतो, निम्मंच व्होल्टेज दिसेल, त्यानं घाबरायचं नाही.

हळदबाजार (सांगली) · रविवार, दुपारी १२:३०

एवढं काय नाय लागत. सिग्नलच्या वायरला १२ व्होल्टवरनं १ के चा (हजार ओहमचा) रेझिस्टन्स लाव, लै भारी पल्स येतो. मी माझ्या जीपला लावलाय.

जवारी · रविवार, दुपारी १२:५१

भावा, तुझ्या जीपला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर लावू नकोस एवढंच म्हणतो. मीटरनं ती वायर ५ व्होल्टवर धरलेली असेल आणि तीच ईसीयूच्या पायावर जात असेल तर तू तिथं वरनं १२ ढकलणार. आज चालेल, उद्या पण चालेल. आधी मोजायचं, मग रेझिस्टन्स.

हळदबाजार · रविवार, दुपारी १२:५८

जीपला ईसीयू नाय. जीपला खरं तर काचा पण नाहीत.

कृष्णाकाठ · रविवार, संध्याकाळी ६:४५

काका, पैज जिंकलात. निळीच क्लिप. मीटर बाहेर काढायला दोन तास गेले, एक स्क्रू डॅशबोर्डच्या पोटात पडला तो अजून तिथंच खुळखुळतोय. क्लिप उघडली तर वायरच्या सालीवर नखानं ओरखडावं तशी एक रेघ, आतलं तांबं एका बाजूनं सुईच्या टोकाएवढं दिसतंय, बास. साल सोलून गुंडाळून सोल्डर केलं, वर हीट श्रिंक चढवली.

मग जॅक लावून चाक फिरवलं. वर ४.६ व्होल्ट, खाली ०.२. ते छान वाटलं. पण आता नवीनच शंका. टायर १६५/८० आर १४, म्हणजे घेर १.९५ मीटरच्या आसपास, किलोमीटरला साधारण ५१४ फेरे. २५४८ भागिले ५१४ केलं तर चाकाच्या एका फेऱ्याला ५ पल्स पाहिजेत. चाक मोजून १० वेळा फिरवलं, ५० यायला हवेत, आले २५. दोनदा केलं, २५ च. निम्मे पल्स जातायत! म्हणजे सेन्सरच अर्धा मेलाय की काय?

बाराचापाना · रविवार, रात्री ८:१०

हाहाहा. एक चाक जमिनीवर आहे ना? डिफरेन्शियल विसरलास. एकच चाक फिरवलं की आतला मोठा गिअर निम्म्यानंच फिरतो, आणि सेन्सर त्या गिअरवरनं चालतो. दोन्ही चाकं फिरवली असतीस तर पन्नास आले असते. पंचवीस म्हंजे एकही पल्स गळला नाही, पोरगं पास. आम्ही हे असलं कागदावर कधी मांडलं नाही पण हिशोब आवडला.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ८:१४

अरे देवा. बायकोला सांगून बसलो होतो की सेन्सरचा खर्च आहे.

कृष्णाकाठ · गुरुवार, रात्री १०:३०

आनंद टिकला नाही. खड्ड्यात आदळल्यावर आकडा क्षणभर थबकायचा ते पूर्ण बंद झालंय, पण ते लांबलचक ठप्प होणं तसंच आहे. जवारींनी फोनवर वही ठेवायला सांगितलं म्हणून चार दिवस लिहून काढलं, जसं आहे तसं टाकतो:

सोमवार सकाळी ७:३०, घर ते माधवनगर, काही नाही. सोमवार दुपारी २, ऑफिस ते मिरज, गाडी उन्हात तापलेली, एसी फुल, निघाल्या निघाल्या आकडा बंद, मिरज स्टेशनजवळ एसी कमी केला तेवढ्यात सुरू झाला. मंगळवार सकाळी काही नाही. मंगळवार संध्याकाळी ६, आष्ट्याला गेलो, जाताना बंद, येताना अंधार पडला होता, गार वारं होतं, काच खाली करून आलो, एकदाही गेला नाही, आणि गाडी तर चांगली तापलेली होती. बुधवार घरीच. आज दुपारी परत बंद, १२ मिनिटं.

इंजिन तापल्यामुळं म्हणावं तर आष्ट्याहून येताना का नाही झालं? मला तर वाटायला लागलंय युनिटच्या आतलंच काहीतरी तापतंय. बसवणारा म्हणतो युनिट पाठवून द्या, महिना लागेल.

घाटवाट (वाई) · गुरुवार, रात्री ११:०५

मला इलेक्ट्रिकलमधलं ढेकळ कळत नाही, पण तुमची वही तुम्हीच परत वाचा की. बंद पडलं तेव्हा एसी फुल. सुरू झालं तेव्हा एसी कमी केलेला. काच खाली करून आलात तेव्हा काहीच नाही. दिवाळीत बसवलंत, दोन-तीन महिने झकास, म्हणजे थंडी होती तोवर. बोगद्यात जानेवारीत चाललं, मार्चमध्ये पहाटे चाललं. गाडी तापत नाहीये, तुम्ही तापताय आणि पंख्याचं बटण फिरवताय!

जवारी · गुरुवार, रात्री ११:१६

घाटवाट, उद्यापासनं माझ्या दुकानात बसा.

हे माझ्या डोळ्यासमोर असून दिसलं नाही. आणि ती शीळ, ती पण खराब अर्थचीच खूण! पहिल्याच पोस्टमध्ये शीळ लिहिलीये आणि आपण सगळे "ते वेगळं" वर विश्वास ठेवून बसलो. कृष्णाकाठ, युनिटची काळी वायर कुठं अर्थ केलीये ते शोधा. माझा अंदाज, ब्लोअरच्या (एसीच्या पंख्याच्या) मोटरचा अर्थ जिथं आहे तिथंच.

कृष्णाकाठ · शुक्रवार, सकाळी ८:०१

तिथंच आहे. डाव्या बाजूला, पायाजवळच्या प्लॅस्टिकच्या मागं एक बोल्ट आहे, ब्लोअरची जाड काळी आणि आमच्या युनिटची काळी दोन्ही एकाच बोल्टखाली. पण मल्टिमीटर ओहमवर ठेवून बोल्ट ते बॉडी बघितलं, ०.३ आलं. म्हणजे अर्थ तर ठीक आहे ना?

जवारी · शुक्रवार, सकाळी ८:२०

आता दोन्ही प्रोब एकमेकांना लावा, मग पण ०.३ च येईल. ते तुमच्या प्रोबच्या वायरींचं आहे. अर्थ ओहमवर तपासायचाच नाही, ओहमला मल्टिमीटर चिमूटभर करंट सोडतो, चिमूटभर करंटला गंजका बोल्ट पण हसून वाट देतो. करंट वाहत असताना व्होल्ट बघायचे. इंजिन चालू, ब्लोअर ४ वर, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, लाल प्रोब युनिटच्या काळ्या वायरवर, काळा थेट बॅटरीच्या मायनसला. प्रोब पुरणार नाही, वायर जोडून लांब करा. चांगला अर्थ असेल तर ०.१ च्या आत दाखवतो.

कृष्णाकाठ · शुक्रवार, संध्याकाळी ७:३३

ब्लोअर बंद: ०.०४. १ वर: ०.४. ३ वर: ०.९. ४ वर: १.३ व्होल्ट!! आणि दहा मिनिटं ४ वर चालू ठेवून बोल्टला बोट लावलं तर चटका बसावा इतका गरम.

मग तिथंच बसून चाक परत जॅकवर घेतलं, मुलाला फिरवायला लावलं, या वेळी मल्टिमीटरचा काळा प्रोब युनिटच्याच काळ्या वायरवर धरला. इंजिन चालू होतं म्हणून मुलाला आधी दहादा बजावलं की गिअरला कुणी हात लावायचा नाही. ब्लोअर बंद असताना वरचं व्होल्टेज ४.६. ब्लोअर ४ वर, ३.३. आकडा ठप्प. ब्लोअर बंद, आकडा चालू. चालू-बंद, चालू-बंद, मुलगा म्हणाला बाबा आता मला चक्कर येईल.

जवारी · शुक्रवार, संध्याकाळी ७:४८

झालं की मग. ब्लोअर साधारण १२ अँपिअर खात असेल आणि बोल्टपाशी ०.१ ओहम जरी अडलं तरी १.२ व्होल्ट तिथंच राहिले. युनिटला वाटतं आपले पाय जमिनीवर आहेत, प्रत्यक्षात ते एका पाटावर उभं आहे. सेन्सर-मीटर खऱ्या जमिनीवरनं ४.६ उंचीचा पल्स पाठवतायत, युनिट पाटावरनं मोजतं तर ३.३ भरतो, आणि तेवढ्याला ते पल्स मानतच नाही. मीटरचा अर्थ दुसरीकडं आहे म्हणून काटा बिचारा शेवटपर्यंत खरं बोलत राहिला. अन् तो अँपिअरचा सगळा प्रवाह त्या बोल्टमध्ये पंधरा-सोळा वॅटची शेगडी पेटवत होता, म्हणून चटका.

बाराचापाना · शुक्रवार, रात्री ९:००

बोल्ट सोड आणि फोटो टाक. आणि खरं सांग, गाडी कुठनं घेतलीस?

कृष्णाकाठ · रविवार, दुपारी १:१५

काका, तुम्हाला आधीच वास आला होता वाटतं.

बोल्ट सुटेना. डब्ल्यूडी (गंज सोडवायचा स्प्रे) मारून अर्धा तास ठेवला, मग करकर करत फिरला. वॉशरखाली हिरवट-पांढरी पूड, रिंगच्या थिंबलला (वायरच्या टोकावरच्या धातूच्या कडीला) पण तीच, जाड काळ्या वायरचं टोक सोललं तर तांबं दोन इंच आतपर्यंत काळं पडलेलं. आणि गालिचा उचलला तर खाली, शिवणीच्या खाचेत, बारीक वाळलेला गाळ. बोटावर घेतला, ओला केला, नदीचा आहे. सांगलीच्या माणसाला तो वास शिकवावा लागत नाही, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मामाच्या शामरावनगरच्या घरातनं आठ दिवस हाच गाळ उपसलाय. ज्याच्याकडनं गाडी घेतली तो छातीठोक म्हणाला होता पुराची नाही, गाडी तेव्हा पुण्यात होती. असो. आता त्याच्याशी भांडून सहा वर्षांचं पाणी परत नदीत जायचं नाही.

जे केलं ते असं: बोल्टखालचा पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासला, काळी पडलेली वायर चांगलं तांबं लागेपर्यंत कापली, नवीन थिंबल दाबून वरनं सोल्डर, दातेरी वॉशर, आवळल्यावर वरून व्हॅसलिन. आणि युनिटची काळी वायर तिथनं काढूनच टाकली, स्टिअरिंगच्या खालच्या लोखंडी आडव्या पट्टीला वेगळा बोल्ट मारून तिथं दिली. आता ब्लोअर ४ वर युनिटच्या अर्थवर ०.०५. शीळ गायब. त्या शिळेसाठी मी स्पीकर बदलायला निघालो होतो हे इथं कबूल करतो.

बाराचापाना · रविवार, दुपारी १:४०

उजव्या बाजूचा अर्थ पण बघ, आणि डिकीतला. पूर एकाच बोल्टला भेटून जात नाही. मागच्या सीटखाली पेट्रोल पंपाचा कनेक्टर असतो तो पण उघडून बघ, पावसाळ्याच्या आधी.

पोवईनाका · रविवार, दुपारी २:२५

एक प्रश्न. मी फोनवाला असलो तरी आता किडा चावलाय. माझी गाडी नवीन आहे, गिअरबॉक्सवर असा सेन्सरच नाही म्हणतात, एबीएसवरनंच (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) सगळं चालतं. मग चाकाच्या एबीएस सेन्सरची वायर टॅप केली तर?

जवारी · रविवार, दुपारी २:४०

अजिबात नको. आजकालचे चाकावरचे सेन्सर दोन वायरींचे, ते व्होल्टेजवर नाही करंटवर बोलतात, ७ मिलिअँपिअर आणि १४ मिलिअँपिअर. तिथं युनिटला काही कळणार नाही, उलट एबीएसचा दिवा लागेल, आणि ब्रेकच्या वायरीशी हौस करू नये. काही गाड्यांत कंपनीच्या स्टिरिओच्या कनेक्टरमध्येच स्पीडची वायर आयती येते, आवाज स्पीडप्रमाणे वाढवायला दिलेली, ती आधी शोधा. नसेल तर स्पीड कॅन बसवर (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरींवर) असतो, तिथनं वाचून पल्स बनवून देणारा डबा मिळतो. वायरिंगचा नकाशा हातात असल्याशिवाय कात्री लावू नका.

घाटवाट · रविवार, संध्याकाळी ५:५०

मग बोगदा कधी? आम्ही वाईकर वाट बघतोय.

कृष्णाकाठ · पुढच्या शनिवारी, दुपारी ३:२०

आज पुण्याला आलो, खास दुपारच्या उन्हात निघालो. जवारींनी सांगितलं होतं तसं आधी सेन्सरचं शिकलेलं सगळं पुसून टाकलं, नाहीतर गळक्या पल्सवर शिकलेला हिशोब तसाच राहिला असता. पेठ नाक्यापासनं हायवेला सरळ रस्त्यावर त्याला परत शिकू दिलं, कराडच्या पुढं पानावर शिकणं पूर्ण दाखवायला लागलं.

खंबाटकीला ब्लोअर ४ वर, मुलगा मागनं पुढं वाकून आकडा वाचतोय मोठ्यांदा. बोगद्यात जीपीएसची खूण लाल झाली, आकडा चालू, बाण चालू. पलीकडं उजेडात आलो तेव्हा बाण रस्त्यावरच होता, फक्त गाडीच्या दोन-तीन लांबीनं मागं, खूण हिरवी झाल्यावर टुणकन जागेवर आला. तेवढं सोडून दिलं.

घाटवाट, परतताना तुमच्या वाईवरनं येतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका. साताऱ्याचे कंदी पेढे आणतो म्हणणार होतो पण वाईच्या माणसाला सातारचे पेढे म्हणजे काय ते, त्यापेक्षा सांगलीचे भडंग चालतील ना?

घाटवाट · पुढच्या शनिवारी, दुपारी ३:४१

भडंग पळतील. लसूण जास्त असलेले आणा. आणि येताना घाटानं या म्हणजे बोगदा नाही लागणार.

कृष्णाकाठ · पुढच्या शनिवारी, दुपारी ३:४४

पुण्याहून येताना घाटच असतो हो!

घाटवाट · पुढच्या शनिवारी, दुपारी ३:४५

माहितीये. पंखा बंद ठेवून या, चढाला गाडी दमते.